बिस्किटी रंगाची सतरंजी

नागपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक दोनच गोष्टी विचारतात: ऊन किती होतं आणि संत्रा बर्फी आणली का. ऊन फार होतं आणि बर्फी आणली. याच्या पुढचं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला ते तोंडानं सांगता आलं नसतं. चार माणसांसमोर माझा आवाज बसतो. लिहिताना त्यातल्या त्यात बरं जमतं, म्हणून लिहिते आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मराठी लिहायला मला वेळ लागतो, पण हे इंग्रजीत लिहावंसं वाटलं नाही.

मी एका लहानशा ऑनलाइन दुकानात काम करते. आम्ही पर्यावरणाला त्रास न देणारं घरसामान विकतो: बांबूचे ब्रश, करवंटीचे वाडगे, जुन्या साड्यांच्या पिशव्या. आमचं गिऱ्हाईक म्हणजे पहिलंवहिलं भाड्याचं घर मांडणारी मुलंमुली. पगार बेताचा, पण घर फोटोत छान दिसलं पाहिजे आणि मनालाही टोचायला नको. मी स्वतः त्यांच्यातलीच आहे. माझ्याही खोलीत तेच ब्रश आहेत.

सगळ्यात जास्त खपतात त्या जुन्या सुती साड्या फाडून हातमागावर विणलेल्या सतरंज्या. रंग एकच. आमच्या यादीत त्याला ‘ओट’ म्हणतात. मराठीत बिस्किटी म्हणता येईल. गेली काही वर्षं सगळ्यांना घरात हाच रंग हवा आहे. भिंत बिस्किटी, पडदे बिस्किटी, कुंडीसुद्धा. या सतरंज्या नागपुरात एकाच घरी विणल्या जातात. दिवाळीची मोठी मागणी देण्याआधी तिथले फोटो काढून आण, एक छोटी फिल्म कर आणि बाजारात आणखी काय चाललंय ते बघ, असं सांगून शिल्पानं मला पाठवलं. शिल्पा आमच्या दुकानाची मालकीण. ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना नावानंच हाक मारायची असं तिनं ठरवलंय, म्हणून नुसतं शिल्पा.

टांडापेठ

ई-रिक्षानं मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि पहिल्यांदा वास आला. शाळेत असताना आम्हाला पोहायला न्यायचे, त्या तलावाचा वास. डोळे चुरचुरायला लावणारा. घर शोधावं लागलं नाही. वासाच्या दिशेनं गेले.

सतरंज्या विणणारे वासुदेवकाका दारातच उभे होते. किडकिडीत, पन्नाशी उलटलेले, एका गालात खर्रा. सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला खर्रा नागपुरात जवळजवळ प्रत्येकाच्या गालात दिसला. बोलायचं असेल तर माणसं तो आधी एका बाजूला सारतात आणि मग बोलतात. काकांनी सारला.

“या मॅडम, या. उन्हात काहून उभ्या? अवं, पाणी आण.”

आतून शेवंताकाकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या देताना मला त्यांची बोटं दिसली. नखं पातळ, पांढरट, कडेनं सोललेली. त्या हसल्या आणि लगेच खोकल्या. खोकला थांबेपर्यंत काका दुसरीकडे बघत राहिले.

घर म्हणजे पुढे मागाची खोली, मध्ये स्वयंपाक आणि मागे उघडं अंगण. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात, तिथेच राहतो. अंगणात तीन निळे ड्रम. जुन्या साड्या गठ्ठ्यानं येतात. भांड्यांच्या बदल्यात दारोदार जुने कपडे घेणाऱ्या बायका त्या बाजारात आणून विकतात. नागपूरकडच्या सुती साड्या, काकूंच्या भाषेत ‘पातळं’, रंगानं नुसती भडकलेली असतात: राणी, पोपटी, हळदी, जांभळा. ती ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायची, काठीनं ढवळत राहायचं, रंग उतरला की पिळून वाळत टाकायची. मग फाडून पट्ट्या आणि पट्ट्यांची सतरंजी. उतरलेल्या रंगाचं पाणी अंगणातून नालीत जातं. त्या दिवशी ते गुलाबी होतं.

जवळ जाऊन फोटो काढायला गेले आणि काठीचे शिंतोडे माझ्या निळ्या कुर्त्यावर उडाले. बघता बघता पांढरे ठिपके पडले.

“घे,” काकू म्हणाल्या, “आता तूबी कंपनीच्या रंगाची झाली.”

मला हसू आलं. इतक्या लवकर मी परक्या घरात हसत नाही.

कोपऱ्यात आमची लेबलं होती. जाड, खडबडीत कागद, सुतळीची गाठ. प्रत्येक सतरंजीला ती काकूच बांधतात. ही लेबलं मी नोकरीला लागायच्या आधीपासून आहेत. काकूंनी एक माझ्यासमोर धरलं.

“इंग्रजी हाये. काय लिहिलं वं याच्यावर? मी इतके बांधते, मले माहीतच नाई.”

मी आधी मनात वाचलं. मग म्हटलं, “असं लिहिलंय की... हिच्यात रंग नाही आणि कुठलंही रसायन वापरलेलं नाही.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायलाच लागल्या. हसता हसता खोकला आला, तरी हसत होत्या. “आयकलं का जी? रसायन नाई म्हणते याच्यात! बरं झालं बापा, पोरीनं सांगितलं. मी उगाच घाबरून राहिली होती.”

काका हसले नाहीत. खर्रा थुंकून आले आणि माझ्यासमोर बसले.

“मॅडम, एक विचारू का? डॉक्टरनं हिले सांगितलं, हे ब्लिचिंग बंद करा. नाई तं फुप्फुस कामातून जाईन. हिचा वास तं गेलाच. वर्ष झालं, कशाचाच वास येत नाई. तुमच्या मोठ्या मॅडमले विचारा ना, रंगीत घेतीन का? पातळाचा जसा रंग हाये, तसाच विणून देतो. मेहनतबी कमी.”

“तुम्ही नाही का करत ते काम?” मी विचारलं. विचारून झाल्यावर वाटलं, हे मी विचारायला नको होतं.

“मी ड्रमवर बसलो तं मागावर कोण बसन?” काका म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. घरात दोन माणसं आणि कामं दोन.

“विचारते,” मी म्हटलं.

जेवायला पाटवडी रस्सा होता. पहिल्या घासालाच माझ्या कानातून वाफ निघाली. पुण्यात आम्ही ज्याला तिखट म्हणतो ते इथं लहान मुलांना भरवतील. पण हे त्याहून वेगळं होतं. लवंग जास्त झालेली, मसाला करपलेला. काका मान खाली घालून जेवत होते.

“तिखट झालं का वं?” काकूंनी विचारलं. “मसाला भाजला का जळला, मले कळतच नाई आता. हे तं काई सांगत नाईत.”

“चांगलं आहे,” काका आणि मी एकदमच म्हणालो.

जरीपटका

बाजार बघायला जरीपटक्याला निघाले तर काकू सोबत आल्या. “तुले भाव करता येत नाई, तोंडावरूनच दिसते,” म्हणाल्या. आधी रस्त्यावर तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पडतं, इथं चण्याचा लाल रस्सा. काकूंनी तो वाटीनं वरून मागून घेतला. “तिखट तेवढं समजते,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळं सारखंच.”

घरसामानाच्या एका मोठ्या दुकानात आम्ही शिरलो. दारातच बिस्किटी ढीग होता. पायपुसणी, पलंगाजवळच्या सतरंज्या, टेबलावरच्या पट्ट्या. लांबून हुबेहूब आमच्या मालासारख्या. हात लावला तर गुळगुळीत. यंत्रावरचा कृत्रिम धागा, त्यावर चिंध्यांसारखी वीण छापलेली.

“ये ईको लुक है मॅडम,” दुकानदार उत्साहानं म्हणाला. “सब यही ले रहे हैं. मशीन में धोओ, कुछ नहीं होता.”

“किससे बना है?” मी विचारलं.

“प्लास्टिक. लेकिन लुक देखो ना.”

काकूंनी एक उचलून उलटी केली, बोटानं वीण चाचपली. “हे तं आपलंच डिझाइन हाये,” मला म्हणाल्या, आणि मग त्याला, “भैया, असली सुती देंगे तो लोगे क्या? रंगीत? लाल, हरा, पीला, जैसा साडी का रहता है?”

त्यानं हात जोडल्यासारखे केले. “आंटी, पहले बहुत बेची. अब तो गाँव से आने वाला भी पूछता है, लाइट कलर में दिखाओ.”

काकूंनी सतरंजी नीट घडी करून जशी होती तशी ठेवली. बाहेर ऊन इतकं होतं की रस्त्यावरची माणसं भिंतींच्या कडेकडेनं चालत होती. उसाच्या रसाच्या गाडीजवळ सावलीत थांबलो. पन्नास पावलं चाललो असू, पण काकूंना श्वास मिळत नव्हता. एक हात गाडीवर ठेवून त्या खाली बघत उभ्या राहिल्या. पाठीवर हात फिरवावा की नाही, मला कळेना. शेवटी मी त्यांची पिशवी धरली.

“नागपुरात कोणी घेत नाई,” श्वास आल्यावर त्या म्हणाल्या. “मनून सगळं तुमच्यावरच हाये. तुमच्या मॅडमनं रंगीत घेतलं, तं सुटली मी.”

पुन्हा टांडापेठ

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा नवा गठ्ठा येऊन पडला होता. काकू जमिनीवर बसून साड्या वेगळ्या करत होत्या. भिंतीवरच्या एका खिळ्याला रिकामी कापडी थैली टांगलेली होती. मी फोटो काढायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं.

“तिचा नको काढू.”

मग त्यांनी सांगितलं. बाई गेली की माहेरचे, सासरचे, सोयरे पातळं आणतात आणि तिच्या अंगावर पांघरतात. घाटावर ती वरची काढून बाजूला टाकतात. कोणीतरी उचलतं, आणि फिरत फिरत ती जुन्या कपड्यांच्या बाजारात येतात. त्यांच्या घरात असं पातळ विणायचं नाही. विणलेली वस्तू पायाखाली येते. मेलेल्या बाईच्या अंगावरचं माणसानं पायाखाली घेऊ नये. सासऱ्यांच्या आधीपासूनचा नेम. असं पातळ निघालं की त्या थैलीत टाकायचं, आणि थैली भरली की काका कन्हानला जाऊन नदीत सोडून येतात.

“पण ओळखायचं कसं?” मी विचारलं. “नवीकोरी असतात का?”

“आहेराची पातळंबी कोरीच येतात. एकीनं दुसरीले दिलेली, कोणी नेसतच नाई. डोळ्यानं नाई कळत. वासानं कळते.”

त्या थैलीकडे बघत म्हणाल्या, “वर्ष झालं, एकबी निघालं नाई.”

मागाचा आवाज थांबला. काका पुढच्या खोलीतून ऐकत असावेत.

“मरणं तं थांबले नाईत ना वं,” काकू म्हणाल्या. “निघाले असतीन. मीच ड्रमात टाकले. सगळे पांढरे होऊन गेले.”

“काका?” मी विचारलं. “त्यांना वास—”

“माह्या नाकाले खर्र्यापुढे काय येते,” काका तिथूनच म्हणाले.

काकूंनी गठ्ठ्यातली एक साडी उचलून माझ्यापुढे धरली. “तुले येते ना वास? हुंगून पाह्य.”

मी लोकांच्या घरात पाण्याचा ग्लाससुद्धा मागून घेत नाही. अनोळखी बायकांच्या साड्या नाकाशी धरायच्या ही कल्पनाच मला सहन होण्यासारखी नव्हती. पण त्यांचा हात पुढेच होता. मी ती घेतली.

पहिली डांबराच्या गोळ्यांची. दुसरीला फोडणीचा वास, आत मुरलेला. एकीला खोबरेल तेल आणि पावडर, एकीला लहान बाळाच्या दुधाचा आंबूस वास. मी सांगत गेले, काकू ऐकत गेल्या. “ही लेकुरवाळी,” त्या म्हणायच्या. “हिच्या घरी गॅस नाई, धूर येते मनते ना?” दोघी मिळून आम्ही न पाहिलेल्या बायका ओळखत होतो. मध्येच त्या म्हणाल्या, “तुह्या नाकाले कंपनीनं पगार द्यावा.” खूप दिवसांनी त्या अशा बसल्या असाव्यात. आवाज मोकळा झाला होता.

गठ्ठ्याच्या तळाशी एक हिरवं सुती पातळ होतं, घडी न मोडलेलं. मी ते उचललं. उदबत्ती, तूप आणि गुलालाचा गोडसर, धुळीसारखा वास. आजी गेली तेव्हा आमच्या जिन्यात तो होता. दोन-तीन दिवस गेला नव्हता.

काकूंनी माझा चेहरा पाहिला, ते पातळ माझ्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं आणि थैलीत ठेवलं. मग कितीतरी वेळ अंगणातल्या ड्रमांकडे बघत बसल्या. ड्रमांत आधीच्या गठ्ठ्यातल्या साड्या होत्या. वर फेस आला होता.

“अशा किती गेल्या असतीन,” त्या म्हणाल्या. “कोणाच्या कोणाच्या घरी.”

त्या दुपारी मी शिल्पाला फोन केला. गच्चीवर उन्हात उभं राहून, कारण खाली मला बोलता आलं नसतं. तिला डॉक्टरांचं सांगितलं, ड्रमांचं सांगितलं. रंगीत घेऊ या म्हटलं. थैलीचं मात्र बोलू शकले नाही. कामाचं आम्ही इंग्रजीतच बोलतो, आणि इंग्रजीत ते कसं सांगायचं ते मला सुचेना. शिल्पानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एक सॅम्पल घेऊन ये. बघू.”

हे खाली येऊन सांगितलं तेव्हा काका लगेच उठले आणि मागावर बसले. मी हुंगून दिलेल्या साड्या काकू आणि मी मिळून फाडल्या. फाडताना सुती कापडाचा जो आवाज येतो तो घरभर झाला. काका विणत होते, राणी रंगाशेजारी पोपटी, पोपटीशेजारी हळदी. काकू दारात बसून सूचना देत होत्या. “निळं मधात टाका, नाई तं लग्नाच्या मांडवासारखं दिसन.” “मांडवच हाये समज,” काका म्हणाले. त्या दिवशी अंगणात काठी फिरली नाही. नाली कोरडी राहिली.

निघताना काकूंनी सतरंजीची गुंडाळी माझ्या हातात दिली. तिला लेबल बांधलेलं नव्हतं.

“फोन करजो,” त्या म्हणाल्या. “जे काय असन ते सांगजो.”

पुणे

सतरंजी ऑफिसच्या जमिनीवर पसरली तेव्हा सगळे उठून आले. आमच्या ऑफिसातही भिंती, खुर्च्या, सगळं बिस्किटी आहे. तिथं ती एखाद्या उघड्या खिडकीसारखी दिसत होती. कुणी फोटो काढले. कुणी चप्पल काढून वर उभं राहिलं. “किती जिवंत आहे!” शिल्पा म्हणाली. ती मनापासून बोलत होती. गुडघ्यावर बसून तिनं वीण पाहिली.

मग म्हणाली, “ही वीण छान आहे. हीच ओटमध्ये मिळेल का?”

मी सगळं परत सांगितलं. या वेळी समोरासमोर, अडखळत. शिल्पा वाईट माणूस नाही. तिचा चेहरा उतरला. तिनं मला कपाटापाशी नेलं आणि पूर्वी एकदा मागवलेला रंगीत माल दाखवला. तसाच पडून होता. “लोक लाइक करतात,” ती म्हणाली, “घरात घेत नाहीत. मी ओट थांबवलं तर ते दुसरीकडून घेतील, प्लास्टिकचं. मग विणणाऱ्यांकडे हेही काम राहणार नाही.” जरीपटक्याचं दुकान मी पाहिलं होतं. लेबलं मात्र तिनं बदलायला घेतली. आता त्यावर फक्त ‘हातानं विणलेली’ एवढंच छापतात, आणि ती पुण्यातच बांधतात. आणि चांगल्या प्रतीचे मास्क आणि हातमोजे त्याच दिवशी नागपूरला पाठवले. दिवाळीची मागणी मागच्यापेक्षा मोठी गेली. सगळी ओट.

फोन मीच केला. काकूंनी उचलला.

“बिस्किटीच पाह्यजे का?” मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं.

“हो काकू.”

“बरं.” मागे माग चालू होता. “तू सुखरूप पोचली ना? बर्फी फुटली तं नाई?”

“नाही.”

“मास्क आले तुमचे. हे म्हणते, लाव, वास येत नाई त्यानं.” त्या हसल्या. “मी म्हटलं, मले तसाबी कुठं येते.” मग खोकला आला. मी फोन कानाला धरून थांबले. खोकला संपल्यावर त्या म्हणाल्या, “नवा गठ्ठा आला हाये. तसाच बांधून ठेवला दोन दिवस. पण आता मागणी आली, तं ठेवून चालत नाई.” आणि जरा थांबून, “तुही सुट्टी कधी असते?”

मला सुट्टी नव्हती. तेच सांगितलं.

रंगीत सतरंजी मी माझ्या खोलीत आणली आहे. पायाखाली घालत नाही, भिंतीवर टांगली आहे. पावसाळा संपताना नागपूरचा माल आला. पॅकिंगला माणूस कमी होता म्हणून मीही बसले. एकेक सतरंजी उचलायची, घडी करायची, नव्या लेबलची गाठ मारायची. कुणाचं लक्ष नसेल तेव्हा मी ती नाकाशी धरून बघते. खोबरेल नाही, धूर नाही, उदबत्ती नाही. कशालाच कसलाच वास येत नाही. मग मी पत्ता चिकटवते आणि पुढची उचलते.